दुसऱ्या चौकटीतली सही

या, असे जवळ सरून बसा. मांडी अवघडली तर पाय पसरा, इथं रागवायला कुणी नाही. कान तेवढे इकडं असू द्या. कथा एका बाईची आहे. सकाळी ती स्वतःशी भांडायला लागली आणि दिवस कलला तरी भांडतच होती. देवानं तिला तेवढं बळ दिलं म्हणायचं. पण कथा पुढं. आधी तिच्या तळहातावर काय आहे ते पाहा —

सिमेंटचा एक तुकडा. बर्फीच्या वडीएवढा, चौकोनी, वरून तारेची दोन टोकं निघालेली. साइटवर त्याला कव्हर ब्लॉक म्हणतात. स्लॅबच्या सळ्या खालच्या फळ्यांना टेकू नयेत, काँक्रीट त्यांच्या खालूनही नीट जावं, म्हणून सळीखाली तो सरकवायचा, एवढंच त्याचं काम. शिवांजली सळ्यांच्या जाळीवर उकिडवी बसली होती, पिवळं हेल्मेट मागं घसरलेलं, आणि डाव्या तळव्यावरचा तो तुकडा मघापासून नुसता बघत होती... दोन तासांपूर्वी, घरी, याच तळव्यावर गळ्यातलं इष्टलिंग होतं. पूजेला बसलं की नजर तिथून हलू द्यायची नाही, हे बाबांनी तिला सातव्या वर्षी शिकवलं होतं. आणि आज नजर हलली होती, घसरून थेट टेबलावरच्या गुंडाळलेल्या नकाशावर गेली होती — आणि आता सिमेंटच्या वडीकडं मात्र कशी टक लावून बसलीय, वा गं बाई.

"मॅडम, कोपऱ्यात चार ब्लॉक कमी पडल्यात, ते बसवून घेतो," साइट इंजिनिअर उदयसिंह म्हणाला. "बाकी सगळं झालंय. फक्त कोपऱ्याचं काय ते सांगा. कॉलम घ्यायचा असंल तर उद्याचा स्लॅब पुढं ढकलाय लागंल. न्हाय घ्यायचा तर उद्या सातला काँक्रीटच्या गाड्या लागत्यात. सहाच्या आत कळाय पायजे."

"कळवते."

"कालपण कळवते म्हणला होता."

तिनं ब्लॉक सळीखाली सरकवला आणि उठली. गुडघा वाजला. वय सेहेचाळीस.

कोपऱ्यावर खांब आला की खाली पोटमाळ्यासकट गाळा होतो, सगळ्या इमारतीतला सर्वांत भारी गाळा, दोन रस्त्यांवरून दिसणारा. खांब आला नाही की तिथं काहीच होत नाही. वर स्लॅबचा पुढं आलेला हात आणि खाली मोकळी जमीन. त्या मोकळ्या जमिनीसाठी शिवांजली तीन वर्षं भांडत होती. इथं बाबांची लाकडाची वखार होती, कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या या कोपऱ्याला, आणि वखारीपुढं रोज दिवेलागणीच्या आधी म्हशी येऊन उभ्या राहायच्या. तालमीतून घामेजून आलेले पैलवान, दुकानं बंद करून निघालेले व्यापारी, पोराला बोटाला धरून आलेले बाप, सगळे पेला पुढं करून उभे. म्हशीखालची धार सरळ पेल्यात, फेस मिशीला. बाबांनी कधी परवानगी दिली नव्हती आणि कधी हाकललंही नव्हतं. करवत थांबायची ती म्हशी आल्या म्हणून की सहा वाजले म्हणून, हे लहानपणी तिला कधी कळलं नाही. बाबा गेले, वखार बंद पडली, जागा तिच्या वाट्याला आली. तेव्हा तिनं पहिली रेघ मारली ती या कोपऱ्याची. इमारत वर उभी राहू दे, पण हा पायाखालचा तुकडा म्हशींचा.

आणि तरी... कोपऱ्यात जमिनीतून वर आलेल्या त्या चार सळ्या, गोणपाटात गुंडाळलेल्या? पाया भरताना चुलतभाऊ शशिधर म्हणाला होता, ताई, खांब नको तर नको, पण खालचा पाया तेवढा घालून ठेवू, पुढंमागं लागला तर. आणि ती म्हणाली होती, बरं. त्या एका 'बरं'वर गोणपाट बांधून तिनं ते वर्षभर डोळ्यांआड ठेवलं होतं. म्हणजे मनातल्या मनात खांब उभा केला होता — कुणी? शशिधरनं नव्हे. मी. मीच.

नकाशाच्या तळाशी दोन चौकटी असतात. एकीत विकासकाची सही, दुसरीत वास्तुविशारदाची. पंधरा वर्षं ती दुसऱ्या चौकटीत सही करत आली होती, लोकांच्या इमारतींवर. आणि पहिल्या चौकटीतल्या माणसांनी तिचे व्हरांडे कापले होते, जिन्यातली खिडकी बुजवली होती, शेंगेतले दाणे खावेत तसं आतलं सगळं खाऊन टरफल तेवढं तिच्या नावावर ठेवलं होतं. रागानं तिनं ठरवलं, आता दोन्ही चौकटी आपल्याच. जागा आपली, नकाशा आपला, बांधणार आपण, विकणार आपण. शशिधरचं भांडवल आणि हिस्सा, पण सही आपली. कापणारा कुणी राहणार नाही. आणि खरंच राहिला नव्हता. कात्री तेवढी राहिली होती, आणि ती तिच्या उजव्या हातात आली होती.

काल रविवार. शशिधरकडं जेवण. ताटात पुरणपोळी, तिच्यावर तुपाची धार, आणि ताटाशेजारी सुधारित नकाशा, कोपऱ्यात गाळा काढलेला. तिच्याच ऑफिसातल्या पोरीनं काढलेला, तिच्याच सांगण्यावरून, 'नुसतं बघू तरी' म्हणून. शशिधर म्हणाला, विकासकाची तेवढी करून टाक, आर्किटेक्टची उद्या सावकाश कर. नको म्हणायला तोंडात पोळी होती. तिनं हात पुसला आणि पहिल्या चौकटीत सही केली. दुसरी कोरी राहिली. रात्रभर ती कोरी चौकट तिच्याकडं बघत होती, दार उघडं ठेवून झोपल्यासारखं वाटत होतं.

लहानपणी बाबा तिला श्रावणात शिवकीर्तनाला न्यायचे. एकच बुवा. पूर्वरंगात ते तत्त्व सांगायचे, भुवया वर, आवाज करडा, एका शब्दाची फोड करण्यात अर्धा तास. मग मध्ये वीणा, टाळ, कपाळाला विभूती, गळ्यात हार, आणि उत्तररंगाला उभे राहिले की तेच बुवा रडायचे, हसायचे, राजा व्हायचे, राजाची रुसलेली राणी व्हायचे. तिला वाटायचं मधल्या वेळात बुवा बदलतात. तिनं बाबांना विचारलंही होतं. बाबा म्हणाले होते, बुवा तेच गं, एकाच तोंडानं दोन्ही सांगायचं असतं. पूर्वरंगात जे सांगितलं त्याला उत्तररंगात तोंड दाखवता आलं पाहिजे, नाहीतर लोक हार काढून घेतात... असं ते खरंच म्हणाले होते का? की आज सळ्यांवरून उतरताना, शिडीच्या पाचव्या पायरीवर, तीच हे म्हणत होती, बाबांच्या आवाजात?

"वर थांबू नको," खालून शशिधर ओरडला. "म्हणजे मीच वर येत न्हाय. बूट नवं हाईत. तूच ये."

दुपारचा एक. त्याच्या हातात डबा होता आणि काखेत तोच नकाशा, सकाळी तिनं साइटच्या खोलीत आणून ठेवलेला.

"हिनं दिलाय. दपाट्या हाईत. आधी खा, मग भांड."

"मी कुठं भांडतेय?"

"तोंड बघ आरशात. सही आन."

"काल केली की."

"एका चौकटीत."

"दुसरीत विचार करून करणार म्हटलं होतं."

"दुसरीत काय शेजारीण सही करणार हाय, तिला विचाराय जायचं हाय? दोन्हीकडं तूच हैस की ताई."

"म्हणूनच अडलंय."

शशिधरनं सिमेंटच्या पोत्यावर रुमाल पसरला आणि बसला. चेहरा घामानं भरलेला, पण मऊ. लहानपणी वखारीतल्या भुशात दोघं लपायचे तेव्हाही तो असाच आधी घामेजायचा.

"सराफ तयार हाय कोपऱ्याला. आजच्या आज शब्द देतो म्हणतोय. आणि आपण तिथं काय ठेवणार? शेण."

"दूधकट्टा."

"कट्ट्यावर काय पडतं, गुलाबाच्या पाकळ्या?"

तिला हसू आलं. त्यालाही आलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

"वरचा फ्लॅट घेणारं पावणं आलं होतं परवा," तो म्हणाला. "आपल्या इमारतीच्या माहितीपत्रकातलं कट्ट्याचं चित्र दाखवून विचारत होतं, ही म्हस खरी येणार की काय? मी म्हटलं, छे, ते कोल्हापूरचं वातावरण याय पायजे म्हणून टाकलंय. खूश झालं. चित्रातली म्हस सगळ्यांना चालती ताई. वास येत न्हाय तिचा."

"तू असं सांगितलंस?"

"मग काय सांगू? रोज सांजच्याला तुमच्या गाडीमागं म्हस उभी ऱ्हाणार म्हणून?" तो थांबला. दपाटीचा तुकडा मोडून तिच्या हातात दिला. "हे बघ. सहापर्यंत थांबतो. सही आली तर आली. न्हायतर माझं भांडवल मी काढून घेतो, दुसरीकडं लावतो. रागानं न्हाय म्हणत. मला दोन पोरी हाईत, त्यांची नावं घालून मी यात पडलोय. तू नाव कुणाचं घातलंयस? म्हशीचं."

नकाशा तिच्या हातात ठेवून तो गेला. तो खोटं बोलत नव्हता, हे सगळ्यात वाईट. शशिधर गेला तर स्लॅबच्या वर काही चढणार नाही. हे खांब असेच सळ्यांचे केस विस्कटून उभे राहतील, आणि शाहूपुरीतून जाणारे लोक म्हणतील, बाईच्या अंगात मस्ती होती, दोन्ही करायला निघाली. हे म्हणणारी तोंडं तिला आत्ताच दिसत होती, नावानिशी. म्हणू देत. म्हणा की. पंधरा वर्षं तुमच्या चौकटीबाहेर उभी राहून मी तुमच्या सह्यांची वाट बघितली... आणि मग स्वतःच्याच चौकटीत आले तेव्हा हाताला पोळीचं तूप लागलेलं.

साडेचारला अक्काताई आली. साठी ओलांडलेली, कासोटा घट्ट, पुढं गंगी म्हैस आणि मागं अजून एक, बावड्याच्या गोठ्यापासून चालत. बांधकाम सुरू झाल्यापासून ती समोरच्या फुटपाथला विजेच्या खांबाशी म्हशी बांधायची, आणि रोज येताना या कोपऱ्याकडं एकदा बघून घ्यायची, घराकडं बघावं तसं. शिवांजलीला ते बघणं पुरेसं वाटत आलं होतं. आज ती रस्ता ओलांडून गेली आणि माहितीपत्रक तिच्यापुढं धरलं. का धरलं ते तिलाही ठाऊक नव्हतं. साक्ष हवी होती बहुतेक.

"अक्काताई, हे बघा. तुमचा कट्टा."

अक्काताईनं कागद लांब धरला, मग जवळ.

"ही म्हस कुठली?"

"चित्रातली आहे."

"ते कळलं की. पण ही आमच्याकडची न्हवं. शिंगं बघ, मेंढ्यागत वळल्यात. गंगीची बघ कुठवर जात्यात."

गंगीची शिंगं खांद्यांच्या मागं, तलवारी आडव्या धराव्यात तशी पसरली होती. शिवांजलीनं ती हजारदा पाहिली होती आणि आज पाहत होती.

"आणि हे खाली चकाकतंय काय?"

"ग्रॅनाइट."

"पालिशचा?"

"हो."

"बाई गं." अक्काताई हसली नाही. "त्यावर पाणी सांडलं की म्हशीचा पाय गेला. म्हस पडली की कंबर जाती, आणि कंबर गेली की ती उठत न्हाय. मग काय तुज्या लिफ्टनं वर न्यायची व्हय?"

अक्काताईचं बोट कागदावर पुढं सरकलं.

"ह्या कुंड्या ठेवल्यास. यातनं तू जाशील, मी जाईन. शिंगं कुठनं जाणार? काढून हातात घ्यायची? आणि मुतल्यालं कुठं जाणार? उतार कुठाय? एका टायमाला बादलीभर मुतती ती, तुज्या सोन्याच्या दुकानात शिरंल."

"तुम्हाला कसं कळलं सराफाचं?"

"सगळ्या पेठंला कळलंय. तुलाच कळाय वेळ लागतोय." तिनं कागद परत दिला. "तीन सालं काढतीयास हे. एकदा मला विचारलं न्हाईस."

शिवांजलीनं कागदाची घडी घातली.

"मग... ठेवू की नको?"

"ते तुजं तू बघ. मी फुटपाथला बी बांधीन, न्हायतर आणि कुठं. तुज्या उपकारावर म्हस दूध देत न्हाय." अक्काताईनं गंगीच्या पाठीवर थाप मारली. "ठेवायचं तर म्हशीसाठी ठेव. फोटोसाठी ठेवणार असशील तर गाळा काढ, कुणाच्या तरी कामाला येईल. आता सरक, धार काढू दे."

ती सरकली. आपल्यातली सराफाला जागा विकायला निघालेली बाई वाईट, तिचं कोपऱ्यासाठी भांडणाऱ्या बाईशी जुंपलंय, असं ती सकाळपासून धरून चालली होती. आणि चांगली बाई ती, रेघा मारणारी, म्हशींची. आता त्या चांगल्या बाईच्या हातातलं चित्र तिला दिसत होतं. परक्या शिंगांची म्हैस, तिच्यासाठी गुळगुळीत दगड, तिच्या अंगाला लागणार नाही अशी संध्याकाळ. शशिधर निदान उघड म्हणत होता, चित्रातली म्हस सगळ्यांना चालती. आणि तिला ती चालत होती, तिनंच काढली होती, तीन वर्षं, मुकाट, कोपऱ्याचं नाव सांगून. दोघींनी मिळून विकली होती ती म्हैस. एकीनं गाळ्याला, एकीनं कौतुकाला.

यावर माणसानं खाली बसावं आणि सही करून टाकावी. खरंच, अगदी सोपं होतं. तू चुकलीस, तुला म्हशीतलं काही कळत नाही, कर सही, वाचव इमारत... आतून कुणीतरी असं समजुतीनं सांगत होतं आणि त्या समजुतीचाच तिला एकदम इतका राग आला की कान गरम झाले. चुकले. हो, चुकले. तीन वर्षं चुकले. चुकले म्हणून कोपरा सोडायचा? चुकीचा जिना काढला तर माणूस जिना नीट काढतो, वरचा मजला दान करत नाही. मला म्हशीचं कळत नाही ना — मग कळून घेईन, तिच्या शेपटीपासून. कुणाला दाखवायला नव्हे, कुणी फोटो काढायला नव्हे. वास येईल. येऊ दे. माश्या येतील, पावणं तोंड वाकडं करून वर जाईल, आणि तरी तो कोपरा तिथं राहील, अडचण होऊन, उघडा, ओला.

तिनं पर्समधून टेप काढला.

"अक्काताई, शिंगं धरा जरा तिची."

"काय करतीयास गं?"

"मोजते."

"म्हशीची शिंगं मोजतीया," पेला घेऊन उभा असलेला एक म्हातारा पैलवान शेजाऱ्याला म्हणाला, "टोपी शिवणार असंल."

कुणी हसलं. गंगीनं मान झटकली, टेप सुटून शिवांजलीच्या बोटाला चटकन लागला. तिनं पुन्हा धरला. टोक ते टोक. मग खूर ते खूर, मग म्हैस वळायला किती जागा घेते ते अक्काताईनं गंगीला गोल फिरवून दाखवलं, शिव्या देत, म्हशीला आणि मोजणाऱ्या बाईलाही. शिवांजली फुटपाथवर बसली आणि सुधारित नकाशाच्याच पाठीमागं, गाळ्याच्या पाठीवर, लिहीत गेली: ग्रॅनाइट रद्द. टाकी मारलेला खडबडीत काळा दगड. उतार गटारीकडं. कुंड्या रद्द. वाट, दोन शिंगं आणि वर एक हात. म्हस बांधायला लोखंडी कडी, भिंतीत, आत्ताच, काँक्रीटमध्ये. मग तिनं त्या चार सळ्यांकडं पाहिलं, गोणपाटातल्या, आणि प्रथमच लिहिलं: पाय अडकतो. कापणे.

पावणेसहा. अक्काताईनं तिच्या हातात पेला दिला, न विचारता. दूध अंगाएवढं गरम होतं. रस्त्यापलीकडं उदयसिंह शिडीपाशी उभा राहून इकडंच बघत होता, दोन्ही हात कमरेवर. खिशातला फोन थरथरायला लागला. शशिधर असणार, आणि तो हळूच विचारणार, भाऊ विचारतो तसं. त्याला काय सांगायचं ते तिच्याकडं अजून नव्हतं. भांडवल कुठून आणायचं ते नव्हतं, स्लॅबच्या वरचा मजला कशावर चढवायचा ते नव्हतं, सराफाला काय तोंड दाखवायचं तेही नव्हतं. पण सकाळपासून आत दोघी भांडत होत्या, त्या आता गप्प होत्या. हरून गप्प नव्हे... एकाच बाजूला येऊन उभ्या राहिल्यासारख्या, खांद्याला खांदा, रस्त्याकडं तोंड करून. या म्हणावं आता कोण यायचं ते. फोन थरथरत होता. तिनं दुधाचा घोट घेतला आणि ओठावरचा फेस पुसला नाही.

सही झाली की नाही, इमारत उठली की नाही, ते मला विचारू नका. मी सांगितलं तेवढंच तिलाही त्या घडीला ठाऊक होतं. तुम्ही एवढं करा. गावात हिंडताना कुठं भर वस्तीत, भारी कोपऱ्यावर, कुणाच्याच उपयोगाचा नसल्यासारखा एखादा मोकळा तुकडा दिसला, शेणाचा वास आला, पाय जरा ओला झाला, तर नाक धरून पुढं जाऊ नका. तो तुकडा आपोआप मोकळा राहिलेला नसतो. तिथं क्षणभर थांबा, आणि तो मोकळा ठेवण्यासाठी जिचा हात कोऱ्या चौकटीवर थबकला असेल तिची, नाव ठाऊक नसलं तरी, आठवण करा.